जानेवारीची वही: चवळीचे मोड, ग्रहांची 'परेड' आणि पौर्णिमेच्या तोंडावर अंधार बघायला गेलेला मी

अर्धा_खगोली | १ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.४०

आधी माझी फजिती सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला शहाणा समजणार नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान मिळाला. तेव्हापासून तिथे जायचं डोक्यात होतं. यंदा नागपूरला मेव्हण्याचं नवीन घर बघायला जायचंच होतं, म्हटलं जोडून करू. ११-१२ जानेवारी, शनिवार-रविवार. तिकिटं काढली, सिल्लारी गेटजवळ खोली ठरवली, माळ्यावरून कानटोप्या काढल्या, दुर्बिणीची भिंगं पुसली. एवढं सगळं केलं आणि तिथी बघितली ती गाडीत, भुसावळ गेल्यावर.

सोमवारी पौष पौर्णिमा. म्हणजे देशातला सगळ्यात नावाजलेला अंधार बघायला मी त्रयोदशीला निघालो होतो.

बायको एवढंच म्हणाली, "दर चतुर्थीला आईंना चंद्रोदयाची वेळ फोनवर तुम्हीच सांगता ना?" पुढे वर्ध्यापर्यंत डब्यात शांतता.

पेंचला त्या रात्री खोलीबाहेर पाऊल टाकलं तर पायाशी माझीच सावली, काळीभोर, टोपीच्या गोंड्यासकट. सागाची पानं चुन्याने सारवल्यासारखी. ताऱ्यांपैकी व्याध, ब्रह्महृदय अशी दांडगी मंडळी तेवढी हजर. सोबत गुरू आणि मंगळ. बाकी सगळं चंद्राने धुऊन नेलेलं. त्याआधी, सातच्या सुमारास, गाइड पोराने एक गोष्ट मात्र छान केली. काही न बोलता दुर्बीण पश्चिमेला शुक्रावर लावली. भिंगात पांढराशुभ्र अर्धा चंद्र. माझ्या मागचे काका वैतागले, "अहो, चंद्र तर तिकडे आहे! हे काय दाखवताय?" शुक्राला चंद्रासारख्या कला असतात हे मी शाळेपासून वाचत आलोय. पाहिलं त्या रात्री.

यंदा १ तारखेपासून एक वही घातली आहे. रोज तीनच ओळी: बातमी काय, वाचलं काय, वर काय दिसलं. काल ती सलग वाचली. काही नोंदी जशाच्या तशा देतो.

'४ जाने. ३० डिसेंबरला गेलेल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या वरच उरलेल्या टप्प्यावर चवळीचे ८ दाणे ठेवले होते. चार दिवसांत मोड आले. वर: ढग.'

'९ जाने. इस्रोच्या दोन उपग्रहांची अंतराळातली जोडणी पुन्हा पुढे ढकलली. एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष म्हणतात रविवारीही काम करा, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार. वर: गुरू, रोहिणीच्या शेजारी. बायकोला दाखवला. दोघांनी किती वेळ बघितला ते मोजलं नाही.'

'१६ जाने. जोडणी झाली! २२० किलोचे दोन उपग्रह. हे जमवणारा भारत चौथा देश. वर: मंगळ प्रतियुतीत. संध्याकाळी उगवला तो सकाळीच मावळणार.'

'१८ जाने. शुक्र आणि शनी हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर.'

'२१ जाने. पुण्यात सिंहगड रस्त्याकडे जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण. घरात पाणी उकळायला सुरुवात. आकाश बघितलं नाही.'

'२५ जाने. मारुती चितमपल्लींना पद्मश्री. त्यांचं 'चकवाचांदण' उशाशी अर्धं वाचून पडलंय! वर: खूप. उद्या लिहितो.' (ते 'उद्या' अजून उजाडलेलं नाही.)

तर प्रश्न असा. महिनाभर आपण ढीगभर बातम्या ऐकतो. त्यातल्या किती आपण स्वतःच्या डोळ्यांनी पडताळतो? 'सगळे ग्रह एका रेषेत येणार' हा फॉरवर्ड मला सतरा ग्रुपवरून आला. निदान ही एक बातमी तरी खरी की खोटी हे कळायला मान वर करण्यापलीकडे काही लागत नव्हतं. तुमचा जानेवारी कसा गेला? आणि बातमीतली एखादी गोष्ट तुम्ही स्वतः जाऊन, बघून, मोजून तपासलीत का?

वैदर्भी_वारा | रात्री १०.०५

राजेहो, पौर्णिमेच्या तोंडावर पेंच! एकादशीच्या दिवशी मिसळीचं हॉटेल टाकल्यासारखं झालं हे.

पण येणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, लोकं गल्लत करून राहिले. पेंच दोन आहेत. तुरिया गेट मध्य प्रदेशात, सिवनीकडून. डार्क स्काय पार्क आहे ते आपल्या महाराष्ट्राच्या पेंचच्या बफरमध्ये: सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा हा पट्टा. माझ्या मावशीचं गाव त्याच बाजूला. शंभराच्या वर रस्त्यावरचे दिवे बदलले आणि त्यांची तोंडं खाली केली. आधी गावातले कुरकुरले, अंधारात वाघ आला म्हंजे? पण दिवे काढले कुठे? फक्त खाली वळवले. पहिले अर्धा उजेड आभाळात जाऊन राहिला होता, आता सगळा रस्त्यावर पडते.

पुढच्या वेळी अमावस्येला या. आणि हुरड्याच्या आत या.

काकडआरती | रात्री १०.११

चवळीला मोड आणायला चार दिवस? आमच्याकडे ओल्या पंचात बांधून ओट्यावर ठेवली की दुसऱ्या दिवशी उसळ. इस्रोने आमच्या आईला विचारायचं होतं.

पृथ्वीप्रदक्षिणा | रात्री १०.२८

@काकडआरती, तुमच्या आईंच्या पंचाला गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं हो. वर 'खाली' नावाची दिशाच नाही. मूळ खाली आणि कोंब वर हे बियाला ठरवता येत नाही, पाणीही सांगितलं तिथे राहत नाही. म्हणून बंद पेटी, त्यात तापमान राखायचं, ओल मोजायची, ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइड किती ते बघायचं, वर कॅमेरा. मोड आल्यावर दोन दिवसांत पानंही दिसली. आणि हे सगळं रॉकेटच्या ज्या टप्प्याचा एरवी नुसता कचरा होतो त्याच्यावर. मला त्या महिन्यातली सगळ्यात आवडलेली बातमी हीच.

काकडआरती | रात्री १०.३१

मान्य. पण उसळीचं काय झालं ते कोणीच सांगत नाही.

सांजवात | रात्री ११.१७

त्या 'परेड'वर माझ्याकडे पूर्ण अध्याय आहे.

आमच्या सोसायटीत २५ तारखेला गच्चीवर 'ग्रहदर्शन' ठेवलं. मी हौशी म्हणून मला पुढे केलं. साठेक माणसं, चटया, थर्मास, एक आजोबा व्हीलचेअरवर. सगळ्यांच्या मनात तो फॉरवर्डमधला फोटो: सात मोठमोठे गोळे माळेत ओवल्यासारखे. आणि प्रत्यक्षात काय, तर पश्चिमेला एक झगझगीत ठिपका (शुक्र), त्याच्या खाली एक मिणमिणता (शनी), डोक्याकडे एक (गुरू), पूर्वेला एक तांबूस (मंगळ). युरेनस आणि नेपच्यून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हटल्यावर सेक्रेटरींचा चेहरा असा झाला की मीच ते लपवून ठेवलेत.

एकाने विचारलं, "रेषा कुठाय?" तेव्हा सुचलं. पोरांना पतंगाचा मांजा आणायला लावला. एकाने पश्चिमेच्या कठड्याशी टोक धरलं, दुसऱ्याने पूर्वेच्या, मधे टाकीवर चढून वॉचमनदादांनी उचलून धरला. चटईवर आडवं पडून बघितलं की मांजा शुक्रावरून निघून गुरूजवळून मंगळापर्यंत जातो. ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आपल्याला ते आकाशात नेहमी त्याच एका पट्ट्यावर दिसणार. सूर्य-चंद्रही तिथूनच जातात. म्हणजे रेषा आहेच, ती काही २५ जानेवारीला 'येत' नाही. यंदाचं विशेष एवढंच की चार ग्रह एकाच वेळी संध्याकाळी वर होते.

नववीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बातमी खोटी नाही, फक्त तारीख खोटी." त्याला दुर्बिणीतून दोनदा बघू दिलं.

मुहूर्तमामा | रात्री ११.२६

सगळं खरं, पण मंगळ वक्री असताना नवीन गाडी घेऊ नये एवढं लक्षात ठेवा. (घेतली. पंधरा दिवसांत बंपर गेला.)

पृथ्वीप्रदक्षिणा | रात्री ११.३३

मामा, बंपर कोणाच्या चुकीने गेला ते सांगा, मग मंगळाचं बघू.

मुहूर्तमामा | रात्री ११.३४

रिव्हर्स घेताना. म्हणजे मीही वक्रीच होतो.

अंशात्मक | २ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

धागाकर्त्यांची १६ तारखेची नोंद बरोबर आहे, पण बऱ्याच ठिकाणी 'मंगळ आज सर्वांत जवळ' असंही छापून आलं, ते चूक. सर्वांत जवळ तो १२ जानेवारीला होता, साधारण ९.६ कोटी किलोमीटरवर. प्रतियुती, म्हणजे सूर्य-पृथ्वी-मंगळ अशी ओळ, १६ ला. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने दोन तारखांत असा फरक पडतो.

आणि 'जवळ' हेही यथातथाच. २००३ च्या ऑगस्टमध्ये तो ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. त्यावरूनच ते 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' सुरू झालं, जे दर ऑगस्टला न चुकता येतं. श्रावणी सोमवारासारखं.

म्हणजे अर्धा_खगोली, तुम्ही ज्या रात्री कपाळ बडवत होतात त्या रात्री मंगळ या खेपेला जवळजवळ सर्वांत मोठा दिसत होता. शुक्र बरोबर अर्धा होता. चंद्राच्या उजेडाने ग्रहांचं काही बिघडत नाही. तुमची चूक तिथीची नाही, तुम्ही बघायला काय गेलात याची.

गच्चीवरचा_गडी | सकाळी ९.१५

अंशात्मक +१. आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की या डार्क स्काय पर्यटनाचं फॅड होत चाललंय. शंभर माणसं शंभर गाड्यांचे दिवे लावून अंधार बघायला जातात. मग रात्रभर शेकोटी, स्पीकर. गेल्या महिन्यात एका रिसॉर्टवर 'आकाशदर्शन पॅकेज' घेतलं, तर हिरवळीवर रात्रभर फ्लडलाइट चालू. बंद करा म्हटलं तर म्हणे बाकीच्या गेस्टना भीती वाटते. त्यापेक्षा आपली गच्ची काय वाईट? तीस वर्षं डोंबिवलीच्या गच्चीवरून बघतोय. गुरूचे चार चंद्र, शनीची कडी (यंदा कडा इतक्या आडव्या आल्यात की नुसती सुई खुपसल्यासारखी दिसतात), चंद्राची विवरं. सगळं दिसतं.

अर्धा_खगोली | सकाळी ९.४८

@गच्चीवरचा_गडी, ग्रहांपुरतं मान्य. पण कृत्तिकांत किती तारे मोजता गच्चीवरून?

गच्चीवरचा_गडी | सकाळी ९.५२

चार. चष्मा पुसून पाच.

अर्धा_खगोली | सकाळी १०.४०

२५ च्या रात्री मी आठ मोजले, नववा मित्राला दिसला, मला नाही. ती राहिलेली नोंद आता इथेच लिहितो.

पेंचच्या फजितीनंतर मी दुसरा डाव टाकला. मित्राचं घर खोडदजवळ आहे, नारायणगावच्या पलीकडे, महाकाय रेडिओ दुर्बीण आहे तिथेच. पौष वद्य एकादशी, चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता. या वेळी तिथी तीनदा तपासली होती. बेत असा की जेवून शेतात जायचं, सतरंजी टाकायची, बारापर्यंत पडून राहायचं. मित्राच्या आईने भगर-आमटीचं ताट पुढे ठेवत विचारलं, "कुठं?" शेतात म्हटल्यावर त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. मागच्या आठवड्यात उसाच्या कडेला बिबट्या दिसलेला. "वर गच्ची आहे ना? तिथनं काय आभाळ वायलं दिसतं का?"

तर गच्चीच! (गडीसाहेब, हसून घ्या.) पण गच्चीखाली गाव निजलेलं. वायव्येला देवयानी दीर्घिका: आधी थेट बघितलं तर नाही दिसली, नजर जरा बाजूला नेली तर कापसाचा पुंजका. २५ लाख प्रकाशवर्षं. मृग इतक्या ताऱ्यांनी भरलेला की त्यातला ओळखीचा मृग शोधावा लागला. साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला, झाडांच्या शेंड्यांवर, अगस्त्य. तेवढ्यात मित्राने मोबाईल पेटवला आणि सगळ्यांचे डोळे दिपले. शिव्या घालणार होतो, तर तो म्हणाला, "अरे, चितमपल्लींना पद्मश्री." मग माफ केलं.

आणि त्या तबकड्या. ४५ मीटर व्यासाच्या, अशा एकूण ३०. त्यातल्या १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. तारेच्या जाळीच्या असल्याने त्यांच्या आरपार आभाळ दिसतं. झोपायला गेलो तेव्हा दिसत होत्या तेवढ्या सगळ्यांची तोंडं एकीकडे होती. पाचला पाण्याला उठलो तर सगळ्यांची दुसरीकडे. आवाज काही आला नव्हता. मित्र म्हणतो यांना अंधार नको असतो, रेडिओ लहरींची शांतता लागते. भर दुपारीही त्या बघतच असतात.

मोटार_चालू | दुपारी १.२०

नमस्कार. मी त्याच पट्ट्यातला शेतकरी. इथं सहसा वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

तुम्ही लोक सुट्टी टाकून, तिकिटं काढून अंधार बघायला येता. आमच्याकडं थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की थंडीत कांद्याला पाणी भरायला जावंच लागतं. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची म्हणजे बिबट्याला आधीच कळावं की माणूस आलाय. दारं मोडत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत फिरताना वर बघायला सवड नसते, तरी दिसतंच. तुमचा मृग म्हणजे आमचं तिकांडं. ते मावळतीला टेकलं की समजायचं, लाईट जायला आली, आता मोटार बंद करून घरी. घड्याळ बघावं लागत नाही.

दिवसा लाईट द्या म्हणून किती निवेदनं दिली. ती बातमीसुद्धा आतल्या पानावर येते. तुम्ही विचारलं ना, बातमी डोळ्यांनी पडताळली का म्हणून. आम्ही रोज पडताळतो, उलट आमचीच बातमी कोणी पडताळायला येत नाही.

राग नाही. अगस्त्य कोणता ते आज कळलं. आम्ही त्याला नुसतं खालचा मोठा चांदणं म्हणायचो.

सांजवात | दुपारी १.४४

दादा, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

जुनी_दप्तरं | दुपारी २.१०

मोटार_चालू, 'तिकांडं'वरून आठवलं. आमची आजी सप्तर्षींना म्हातारीचं बाजलं म्हणायची आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना तीन चोर. चोर रात्रभर बाजलं ओढतात पण म्हातारी जागी होत नाही. पुस्तकात 'सप्तर्षी' शिकलो आणि चोर हरवले.

मृगाची गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच: व्याधाने बाण मारला, तो हरणाच्या पोटात रुतलेला. बाणाचे तीन तारे सरळ व्याधाकडे बोट दाखवतात, म्हणून पंचनाम्याची गरज नाही.

पानगळ | दुपारी ३.०२

वाचनावर कोणीच बोलत नाहीये म्हणून मी. चितमपल्लींना पद्मश्री मिळाली तेव्हा वयाची ९२ वर्षं पूर्ण झालेली. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, जन्मही सोलापूरचाच. आयुष्य गेलं वनखात्यात. मला त्यांनी दिलेले शब्द सगळ्यात मोलाचे वाटतात. कावळे जिथे वस्तीला जमतात ते 'काकागार', बगळ्या-करकोच्यांची वीण होते ते 'सारंगागार'. आमच्या बसस्टँडमागच्या पिंपळाला मी तेव्हापासून काकागारच म्हणतो. खाली गाडी लावणाऱ्यांना वेगळा शब्द सुचतो.

पक्ष्यांची नावं, सवयी त्यांनी पारध्यांकडून, गोंडांकडून, ढिवरांकडून ऐकून ऐकून गोळा केली. म्हणून वरचा तिकांड्याचा प्रतिसाद वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

जुनी_दप्तरं | दुपारी ३.२५

आदर आहेच, पण खरं सांगू? मला 'चकवाचांदण' दोनदा अर्धं सोडावं लागलं. माणसं, गावं, झाडं, एकामागून एक येतच राहतात, गोष्ट पुढे सरकत नाही.

पानगळ | दुपारी ३.३१

तुम्ही ते शहरात वाचत असणार. ते रेस्टहाउसच्या व्हरांड्यात, कंदिलाच्या वेगाने वाचायचं असतं.

अर्धा_खगोली | दुपारी ३.४०

मी आगगाडीत वाचलं. गाडी तीन तास लेट होती, वेग अगदी जुळला.

उकळतं_पाणी | सायंकाळी ७.१२

हा धागा कालपासून वाचतेय. लिहू की नको असं होत होतं.

माझा जानेवारी दोन भागांत गेला. २० तारखेपर्यंत काय केलं ते आठवत नाही. नंतर धाकट्या दिराच्या पायाला मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना, तिसऱ्या दिवशी पेला धरता येईना. आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूचेच. जीबीएस हा शब्द तोपर्यंत पेपरात वाचला होता, आकडे बघितले होते. शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. बरेचदा आधी पोट बिघडलेलं असतं, दूषित पाण्यातल्या किंवा अन्नातल्या जंतूंनी. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे शेजाऱ्यांना समजावण्यात माझा अर्धा जीव गेला. दारावरून डबा ठेवून जायचे, बेल न वाजवता.

रात्रीची पाळी माझी आणि नवऱ्याची आलटून पालटून. एकदा रात्री बाराच्या पुढे हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये चहा घेऊन उभी होते. डोक्यावर एक तांबूस तारा, लुकलुकत नव्हता. शेजारी दोन पांढरे तारे, जुळ्यांसारखे. मला वाटलं विमान आहे, हलेल आता. चहा संपेपर्यंत बघितलं, हललं नाही. तो मंगळ होता हे मला इथे, आज कळतंय. बरोबर ना? का दुसरंच काही?

बातमी पडताळण्याचं विचारलंत. आम्हाला ती न विचारता पडताळायला मिळाली.

अंशात्मक | सायंकाळी ७.२५

मंगळच, ताई. लुकलुकत नव्हता ना, तीच खूण. शेजारचे दोन पांढरे म्हणजे पुनर्वसूचे. या महिन्याअखेरपर्यंत तो त्यांच्याच आसपास आहे. दीर कसे आहेत आता?

उकळतं_पाणी | सायंकाळी ७.३१

काल वॉर्डातून बाहेर, खोलीत. पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी उकळलेलंच होतं.

वैदर्भी_वारा | सायंकाळी ७.३३

लवकर पायावर उभे राहोत बाप्पा. सगळ्यांकडून.

काकडआरती | सायंकाळी ७.४०

+१००. माझी चवळी मागे घेतो.

पृथ्वीप्रदक्षिणा | रात्री ९.०५

अवांतर आणि जरा वाईट बातमी. बुधवारी, २९ ला पहाटे, श्रीहरिकोटाहून शंभरावं उड्डाण झालं तेव्हा आमच्या घरी गजर लावून सगळे टीव्हीसमोर होते. रॉकेटने काम चोख केलं. आज इस्रोने सांगितलंय की उपग्रहाच्या इंजिनाकडे ऑक्सिडायझर सोडणाऱ्या झडपाच उघडल्या नाहीत, त्यामुळे ठरलेल्या कक्षेत नेता येत नाहीये. शंभराव्याच्या पेढ्यांचा डबा अजून संपलाही नाही.

अर्धा_खगोली, वहीत हेही लिहा. १६ ची जोडणी लिहिलीत, तर झडपही आलीच पाहिजे.

अर्धा_खगोली | रात्री ९.३०

लिहिलं. त्याखाली 'वर' च्या ओळीत: काल संध्याकाळी चंद्रकोर अगदी शुक्राच्या कुशीत. गॅलरीतून दिसली, तिकीट न काढता.

@मोटार_चालू, तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. एक विचारू? पुढची अमावस्या २७ फेब्रुवारीला आहे, आणि २८ ला विज्ञानदिनानिमित्त खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. दोन्ही जोडून यायचं म्हणतोय. तुमची रात्रपाळी असेल तर तुमच्याबरोबर पाणी भरायला येऊ का? मदत होईल की लुडबुड, ते तुम्ही ठरवा.

मोटार_चालू | रात्री १०.५५

या की. दारं मोडायला शिकवतो, फावडं एक जास्तीचं आहे. गमबूट आणा, चप्पल चिखलात राहते.

आणि ती तुमची लाल काचेची बारकी बॅटरी आणू नका. चांदण्यांना चालत असंल, बिबट्याला मोठीच लागते.